छावणीतली जनावरं मोजायची कुणी?

२०१९ चा मे महिना. आदल्या ऑक्टोबरात सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केलेला, आणि राज्यातल्या सर्वांत जास्त चारा छावण्या आमच्या बीड जिल्ह्यात. मामाचे दोन बैल आणि एक म्हैस अशाच एका छावणीत दोन महिने बांधलेली होती. मी भेटायला गेलो त्या दिवशी सकाळपासूनच गडबड दिसत होती. तपासणीचं पथक दुपारी येणार, असा निरोप रात्रीच आलेला. मग आसपासच्या वस्त्यांवर मोटारसायकली फिरल्या. ज्यांची जनावरं घरच्या गोठ्यात होती त्यांनी ती आणून छावणीत बांधली. पथक आलं, मोजून गेलं, दिवे लागायच्या आत जनावरं आपापल्या घरी. रजिस्टर आणि दावण तंतोतंत जुळली. मामी शेणाची पाटी उचलता उचलता म्हणाली, "जनावरं समदेच मोजायलेत. वैरण कोण मोजायलंय?"

छावणी सरकार चालवत नव्हतं. चालवत होती एक नोंदणीकृत संस्था. मोठ्या जनावरामागे दिवसाला ९० रुपये, नंतर १००. लहानामागे ४५, नंतर ५०. आता हिशेब करा. रजिस्टरवर पन्नास मोठी जनावरं जास्तीची लावली, तर ९० च्या दरानं दिवसाला साडेचार हजार, आणि तीन महिन्यांत चार लाख पाच हजार. त्यासाठी कुठली मोठी लबाडी करावी लागत नाही. जनावराला लावायचा टॅग हातात असला आणि मोजणारा कधी येणार ते ठाऊक असलं की झालं. उलट असंही सांगतो, की त्याच उन्हाळ्यात मी अशा छावण्या पाहिल्या जिथं चालवणारे स्वतःच्या खिशातून पेंड घालत होते, टँकरचं उधार स्वतःच्या नावावर घेत होते, आणि बिलं वर्षभर अडकल्यावर सावकाराच्या दारात उभे होते. कागद दोघांचाही सारखाच. तोच नमुना, तेच शिक्के, तीच प्रमाणपत्रं. त्या कागदावरून यातला कोण खरा हे ओळखायची सोय नाही, आणि माझी तक्रार नेमकी इथं आहे.

मराठवाड्यात 'संस्था' हा शब्द दोन आवाजांत उच्चारला जातो. एक आदराचा. जालना तालुक्यातल्या कडवंचीत १९९६ ते २००२ या काळात मराठवाडा शेती सहाय्य मंडळानं इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचं काम केलं. विजयअण्णा बोराडे यांच्यासारखा माणूस त्यामागे होता. आज कडवंचीच्या द्राक्षबागा आणि शेततळी बघायला लोक बसा करून जातात. अंबाजोगाईचं मानवलोक घ्या, अणदूरचं हॅलो मेडिकल फाउंडेशन घ्या. सरकारी माणूस जिथं पोचत नव्हता तिथं ही माणसं पोचली. दुसरा आवाज डोळा मिचकावून काढलेला: "त्याची संस्था आहे की!" म्हणजे अध्यक्ष नवरा, सचिव बायको, कोषाध्यक्ष मेहुणा, आणि लेटरहेडवर 'ग्रामीण बहुउद्देशीय सेवाभावी संस्था'. हा बहुउद्देशीय शब्द कुणाला सुचला असेल कोण जाणे, पण त्याच्याइतका प्रामाणिक शब्द नोंदणीच्या कागदावर दुसरा नाही. निविदा निघेल तो उद्देश.

त्यामुळे आपल्याकडची सगळी चर्चा माणसांवर येऊन थांबते. ही संस्था चांगली, ती भामटी. वर्तमानपत्रात बातमी आली की एकाला काळ्या यादीत टाकायचं, सहा महिन्यांत तोच माणूस भावजयीच्या नावानं दुसरी संस्था काढून तयार. मला वाटतं संस्था प्रामाणिक आहे का, हा प्रश्न सरकारनं विचारूच नये. विचारायचे प्रश्न दोन: मोजतं कोण? आणि ज्याच्या नावावर बिल निघतं, त्याला ते बिल पैसे अदा होण्याआधी दिसतं का?

मी अकरा वर्षं एका सेवाभावी संस्थेत हिशेब लिहिला, म्हणून हे बाहेरून बोलत नाही. एकदा महिलांच्या प्रशिक्षणाचं काम होतं. तीन दिवस, चाळीस महिला, चहा-नाष्टा-जेवण, येण्या-जाण्याचं भाडं, साधनव्यक्तीचं मानधन. खुरपणीचे दिवस होते. बाया दीड दिवस बसल्या आणि रोजगार बुडतो म्हणून निघून गेल्या. त्यांचं काही चुकलं नाही. पण मंजुरी तीन दिवसांची, म्हणून कागदावर तीन दिवस झाले. हजेरीपत्रकावर तिन्ही दिवसांच्या सह्या-अंगठे पहिल्याच दिवशी घेऊन ठेवलेले होते. ती पद्धतच होती. बॅनरसमोर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचे फोटो काढताना बायांनी फक्त जागा बदलल्या. मग मी उपयोगिता प्रमाणपत्र टाइप केलं: अनुदान ज्या प्रयोजनासाठी मंजूर झालं त्याच प्रयोजनासाठी खर्च झालं आहे. लेखापरीक्षकानं सही केली. त्याला पावत्या दिसत होत्या. खुरपणीला गेलेल्या बाया दिसत नव्हत्या.

त्यातला पैसा कुणी घरी नेला नाही. दीड दिवसाचे जे वाचले त्यातून चार कार्यकर्त्यांचा थकलेला पगार दिला, कारण आधीच्या कामाचा दुसरा हप्ता नऊ महिने आलाच नव्हता. हे समर्थन म्हणून सांगत नाही. सांगतो यासाठी, की खोटा कागद करायला चोर असावं लागत नाही. व्यवस्था पुरते.

आणि हप्त्यांच्या या उशिराबद्दल कुणी बोलत नाही, पण माझ्या मते सगळ्या रोगाची मुळी तिथं आहे. काम ऑक्टोबरात सुरू करा म्हणून आदेश येतो, पैसे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर काम कुणी ओढायचं? ज्या संस्थेकडे फक्त चार कार्यकर्ते आणि एक भाड्याची खोली आहे, ती दुसऱ्या वर्षी मोडते. ज्याच्याकडे स्वतःचा जेसीबी आहे, डिझेल उधार मिळतं, सासरा गुत्तेदार आहे, तो टिकतो. तीन वर्षांनी विभाग म्हणतो, अनुभवी संस्थाच घेऊ. अनुभव कुणाकडे उरला? म्हणजे उशिरा पैसे देऊन सरकार नकळत चाळण लावतं, आणि त्या चाळणीत दाणे खाली पडतात, खडे वर राहतात. मग त्या खड्यांवर लक्ष ठेवायला आणखी चार प्रमाणपत्रं मागवायची. ती प्रमाणपत्रं करायला ज्याच्याकडे कारकून आहे, त्यालाच परवडतात.

गुत्तेदारीला संस्थेचा सदरा कसा चढतो, याचं सर्वांत मोठं उदाहरण अंगणवाडीच्या पोषण आहाराचं. ऑक्टोबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं होतं, की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत. गावाचा समाज, बचत गट, महिला मंडळं यांच्या हातून हे काम व्हावं. हेतू उत्तम. महाराष्ट्रात झालं काय? कामं महिला मंडळांच्याच नावानं गेली, पण मोठ्या प्रमाणावर, मोजक्या मंडळांना. न्यायालयानं नेमलेल्या आयुक्तांनी २०१२ मध्ये लिहिलं, की या मंडळांच्या पाठीशी खासगी कंपन्या उभ्या आहेत. पुढच्या ६,३०० कोटींच्या निविदेत अटीच अशा होत्या की गल्लीतल्या बचत गटाला दारात उभं राहता येऊ नये. वैष्णोराणी महिला बचत गटाच्या प्रकरणात फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती निविदा रद्द केली. पंधरा वर्षं गेली. 'ठेकेदार नको' असं लिहिलं म्हणून ठेकेदार गेला नाही. त्यानं नाव बदललं. दारावरची पाटी तपासत बसणाऱ्या व्यवस्थेचं असंच होतं. अंगणवाडीतल्या पोराच्या ताटात काय पडलं हे तपासायला निविदेची अट लागत नाही, ताट लागतं.

ताट तपासल्यावर काय होतं, तेही मराठवाड्यानंच दाखवलंय. श्रीकर परदेशी नांदेडचे जिल्हाधिकारी असताना त्यांनी शाळांमधली मुलं मोजली. साधी गोष्ट: जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा एकदम, बाहेरची माणसं नेमून, मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावून. शाई कशाला? कारण एकाच मुलाला दुपारी दुसऱ्या शाळेच्या बाकावर बसवता येऊ नये म्हणून. छावणीतली म्हैस आणि पटावरचं पोर यांच्यात हिशेबाच्या दृष्टीनं फरक नसतो. दोघंही डोईमागे अनुदान आणतात. नांदेडचा आकडा पाहून राज्यानं ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत सगळीकडे पटपडताळणी केली, तेव्हा पटावर असलेली पण शाळेत नसलेली मुलं वीस लाखांच्या घरात निघाली. ही मुलं वर्षानुवर्षं प्रत्येक तपासणीत हजर होती. प्रत्येक वार्षिक अहवालात, प्रत्येक लेखापरीक्षणात.

नांदेडनं कुठला नवा कायदा केला नाही. मोजणारा बदलला, आणि मोजायची वेळ मोजून घेणाऱ्याला कळू दिली नाही. एवढंच.

आता ज्या कामाची सध्या जास्त चर्चा आहे, ते घेऊ. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार. २०१७ मध्ये ही योजना आली तेव्हा यंत्रं संस्थेची आणि डिझेल सरकारचं असा भागीदारीचा मामला होता. २०२३ पासून नव्या स्वरूपात यंत्र आणि इंधन दोन्हींसाठी संस्थेला घनमीटरमागे ३१ रुपये, आणि लहान शेतकऱ्याला गाळ पसरवण्यासाठी एकरी १५ हजारांच्या मर्यादेत, अडीच एकरांपर्यंत अनुदान. योजना मला मनापासून आवडते. आमच्याकडे मुरमाड माळावर गाळ पडला की दोन वर्षांत कापूस बोलतो. पण मोजणीकडे बघा. तलावात खणलेला गाळ मोकळा झाला की फुगतो, त्यामुळे खड्ड्याचं माप आणि ट्रॉलीचं माप कधीच जुळत नाही. ट्रॉली ब्रासवर मोजतात, बिल घनमीटरवर निघतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. ट्रॉली काठोकाठ होती की शिगोशीग? खेपा दिवसाला चाळीस झाल्या की साठ? ट्रॉल्या मोजणारा पोरगा कुणाचा, संस्थेचा की गावाचा? हे सगळे प्रश्न मे महिन्यात सुटू शकतात. जूनमध्ये एक जोराचा पाऊस पडला की पुरावा पाण्याखाली जातो. अशा कामाचं लेखापरीक्षण दोन वर्षांनी करणं म्हणजे पाण्यावर काठी मारणं. जलयुक्त शिवार डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं आणि ९,६०० कोटींहून जास्त खर्च होऊनही भूजल फारसं वाढलं नाही, हे कॅगनं, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, सांगितलं सप्टेंबर २०२० मध्ये. सांगितलं ते बरंच झालं, पण तोवर नाल्यांत पुन्हा गाळ बसला होता. आणि हो, ते काम मुख्यतः सरकारी खात्यांनीच केलेलं होतं. संस्थेकडून काम काढून खात्याला दिलं की सगळं धुतल्या तांदळासारखं होतं, असं समजणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

कॅगच्या कायद्यातली एक गंमतही सांगण्यासारखी आहे. संस्थेला वर्षात निदान २५ लाख अनुदान मिळालं आणि ते तिच्या एकूण खर्चाच्या निदान ७५ टक्के असलं, तर तिचे हिशेब आपसूक कॅगच्या कक्षेत येतात. बहुउद्देशीय माणसाला हे फार लवकर समजतं. तीन संस्था, तिघींना पंधरा-पंधरा लाख. धर्मादाय कार्यालयात तिघींची पत्रकं वेळेवर. कागदाच्या बाबतीत ही मंडळी भलतीच शिस्तीची असतात. मोठमोठ्या कामात रमलेल्या खऱ्या संस्थेचेच फेरफार अहवाल, म्हणजे विश्वस्त बदलल्याचे कागद, पडून राहिलेले सापडतील.

मग माहितीचा अधिकार आहे की, असं कुणीही म्हणेल. आहे. विभागाकडे अर्ज करा, उत्तर येतं: ही माहिती संस्थेकडे उपलब्ध आहे. संस्थेकडे करा, उत्तर येतं: आम्हाला हा कायदा लागू नाही. दुसरं उत्तर चूक आहे. कलम २(ज) मध्ये सरकारी निधीवर लक्षणीयरीत्या चालणाऱ्या अशासकीय संस्थेचा उल्लेख आहेच, आणि सर्वोच्च न्यायालयानं डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात ते स्वच्छ केलं. निधी निम्म्याहून जास्तच असला पाहिजे असंही नाही, असं सांगितलं. निकालाची तारीख १७ सप्टेंबर २०१९, आपला मुक्तिसंग्राम दिन. इथं किती जणांना ठाऊक आहे? ठाऊक असून अपील केलं तर राज्य माहिती आयोगासमोर आधीच लाखावर अपिलं पडून होती. त्यात अर्ज दीडशे शब्दांत, एकाच विषयाचा. आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं कलम ८(१)(ञ) बदलल्यापासून हजेरीपत्रक किंवा लाभार्थी यादी मागितली तर 'वैयक्तिक माहिती' म्हणून हात वर करणं सोपं झालंय. ज्या बाईचा अंगठा तिसऱ्या दिवसाच्या रकान्यात उमटलाय, तिच्या खासगीपणाच्या रक्षणासाठी तो अंगठा कुणाला दाखवायचा नाही! अर्ज करून माहिती मागावी लागते तिथंच अर्धी लढाई हरलेली असते. कलम ४ प्रमाणे ही माहिती मागण्याआधीच मांडायची आहे.

कुठं मांडायची, यावर माझं उत्तर जुनं आहे. चावडी. सातबाऱ्याचं चावडी वाचन आपल्याला नवं नाही. २०१७ च्या कर्जमाफीत याद्यांचंही झालं. संस्थेमार्फत झालेल्या प्रत्येक कामाचं शेवटचं बिल अदा होण्याआधी त्याचं चावडी वाचन व्हावं, आणि ते झाल्याशिवाय कोषागारानं पैसे सोडू नयेत. ग्रामसभेत नव्हे, ग्रामसभेच्या सह्या घरोघर फिरून कशा होतात हे सगळ्यांना माहीत आहे. मारुतीच्या पारावर, भोंग्यावरून, नावानिशी. अमक्याच्या छावणीत बांधलेल्या म्हशी चार. अमकीचं प्रशिक्षण दिवस तीन. तमक्याच्या रानात ट्रॉल्या ऐंशी. गावाला कुणाच्या दावणीला किती जनावरं आहेत हे टॅग न लावता पाठ असतं. त्या यादीत चूक असेल तर हसू पिकेल, आणि आमच्याकडे माणूस नोटिशीला भीत नाही एवढा पारावरच्या हशाला भितो. रोजगार हमीच्या कायद्यात सामाजिक अंकेक्षण, म्हणजे कामाचा हिशेब गावासमोर तपासणं, आहे. मेघालयानं २०१७ मध्ये ते इतर योजनांनाही कायद्यानं लागू केलं. ज्या राज्यात रोजगार हमीचा जन्म झाला, त्याला ते जड जाऊ नये.

यावर संस्थांतले मित्र नाराज होतात. म्हणतात, आधीच चौकशांनी जीव नकोसा झालाय, त्यात गावातला एक विरोधक उठून आडवं बोलला तर वर्षाचं काम अडकेल. भीती खोटी नाही. म्हणून वाचनासोबत दुसरी बाजूही बांधली पाहिजे: वाचन झालं, लेखी हरकत नाही, तर पंधरा दिवसांत पैसे, उशीर झाला तर व्याज. हरकत आली तर दुसऱ्या तालुक्यातला माणूस येऊन मोजेल, न कळवता. कडवंचीत शेतकऱ्यांचं श्रमदान ही अट होती आणि गावच्या पाणलोट समितीचा हिशेबात हात होता. ज्यानं स्वतः बांधावर घमेलं उचललंय, त्याला बांध किती लांबीचा झाला हे सांगावं लागत नाही. खऱ्या संस्थेला गावापुढे हिशेब वाचायची भीती वाटल्याचं मी पाहिलेलं नाही; तिला भीती वाटते ती तालुक्याच्या टेबलाची.

आणि टेबलाचं काय? संस्थेचं सुटतं, टेबलावर अडकतं, हे उघड गुपित आहे. टक्केवारी द्यावी लागली की ती कुठल्या तरी व्हाउचरात बसवावी लागते, आणि एकदा बसवायला शिकलेला हात पुढे थांबत नाही. बिल पारावर वाचलं गेलं तर टेबलालाही कळेल की आकडा आता गावाला माहीत आहे. रिकाम्या पदांवर माणसं न भरता संस्थेच्या पाच-सात हजारांच्या कार्यकर्तीकडून तेच काम करून घ्यायचं, आणि बिघडलं की 'संस्थेची जबाबदारी' म्हणायचं, हा सोयीचा खेळही तिथंच थोडा उघडा पडेल. करारावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव वाचनात आलं पाहिजे. संस्थेच्या अध्यक्षाच्या आधी.

आमच्या गावच्या तलावातून मागच्या उन्हाळ्यात गाळ निघाला. चांगला निघाला, माझ्याही दीड एकरात पडला. किती ट्रॉल्या माझ्या नावावर लागल्या ते बघावं म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी कार्यालयात गेलो. मोजमाप अजून चालू आहे, असं कळलं. बिल कधी बघायला मिळेल विचारलं, तर समोरचा माणूस अगदी अदबीनं म्हणाला, "पाऊस पडून जाऊ द्या दादा, मग या निवांत."